रक्ताच्या अहवालातले ‘ऑस्ट्रेलिया’ : हिपॅटायटिस बीच्या चाचणीचा इतिहास

महाराष्ट्रातील अनेक पॅथॉलॉजी लॅबच्या दरपत्रकात आजही एक चमत्कारिक नाव छापलेले असते : ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’. शेजारी ‘एचबीएसएजी’ ही त्याच तपासणीची आधुनिक संज्ञा असते. शस्त्रक्रियेपूर्वी, गरोदरपणात, रक्तदानानंतर ही तपासणी होते आणि तिच्यातून हिपॅटायटिस बी या यकृताच्या संसर्गाचा पत्ता लागतो. हा विषाणू जगाच्या प्रत्येक खंडात आहे. मग रुग्ण कोल्हापूरचा, लॅब कोल्हापूरची आणि अहवालात ऑस्ट्रेलिया, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की १९६३ सालच्या एका प्रयोगशाळेत पोहोचावे लागते. तिथे कावीळ कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

चाचणी येण्याआधीचा काळ प्रथम पाहू. १८८३ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन शहरातल्या गोदी कामगारांना देवीची लस टोचण्यात आली. लस माणसाच्या फोडातील लशीपासून, म्हणजे लिंफपासून, बनवलेली होती. टोचून घेतलेल्या १२८९ कामगारांपैकी १९१ जणांना पुढील काही आठवड्यांत आणि महिन्यांत कावीळ झाली. ल्यूरमन नावाच्या वैद्यकाने बारकाईने चौकशी केली. त्याच ठिकाणी काम करणारे, तेच अन्न खाणारे, परंतु त्या लशीपासून दूर राहिलेले कामगार ठणठणीत होते. एका माणसाच्या शरीरातील द्रव दुसऱ्याच्या शरीरात गेला की कावीळही जाऊ शकते, याची ही पहिली नीटस नोंद. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

साठ वर्षांनी त्याची किंमत मोजावी लागली. १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याने आपल्या जवानांना पीतज्वराची लस दिली. लस टिकावी म्हणून तीत मानवी रक्तद्रव मिसळलेला होता. सुमारे ५० हजार सैनिक काविळीने रुग्णालयात दाखल झाले. त्या सैनिकांच्या रक्ताचा १९८७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की प्रत्यक्षात संसर्ग झालेल्यांची संख्या ३ लाख ३० हजारांच्या घरात असावी. म्हणजे बहुसंख्यांना आपण आजारी पडलो होतो हे समजलेदेखील नाही. १९४७ मध्ये मॅक्कॅलम या ब्रिटिश वैद्यकाने अन्नपाण्यातून पसरणाऱ्या काविळीला ‘ए’ आणि रक्तातून पसरणाऱ्या काविळीला ‘बी’ अशी नावे सुचवली. नावे मिळाली, पण बाटलीतले रक्त बाधित आहे की निर्दोष हे सांगण्याचे कोणतेही साधन नव्हते. दोन्ही सारखेच लाल. रक्त घेणारा रुग्ण काही महिन्यांनी पिवळा पडला की मगच उत्तर कळे.

आता बरूक ब्लमबर्ग. ब्रुकलिनमध्ये जन्मलेला हा वैद्यक १९५० साली, विद्यार्थिदशेत असताना, दक्षिण अमेरिकेतील सुरिनामच्या एका खाणवस्तीत काही महिने राहिला होता. तिथे आफ्रिकन, भारतीय, जावानीज अशा अनेक वंशांचे मजूर एकत्र राहत. परिसर एकच आणि डासही तेच, तरीही हत्तीरोगाच्या जंतूंचे प्रमाण गटागटांत वेगळे का, हा प्रश्न त्याच्या मनात रुजला. पुढे ऑक्सफर्डला जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट आणि त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नोकरी, अशा वाटेने जाताना त्याने एकच ध्यास घेतला : माणसामाणसांच्या रक्तातील प्रथिनांत आनुवंशिक फरक कोणते आणि त्यांचा रोगांशी संबंध काय?

त्याची युक्ती साधी आणि हुशारीची होती. ज्या रुग्णाला असंख्य वेळा परक्याचे रक्त चढवले गेले आहे, त्याच्या शरीराने कधी ना कधी परकी प्रथिने ओळखून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली असणार. अशा रुग्णाचे रक्तद्रव म्हणजे जणू पहारेकरी. त्याच्यासमोर जगभरातील लोकांच्या रक्ताचे नमुने आणायचे आणि तो कोणाला अडवतो ते पाहायचे. या कामात त्याला साथ मिळाली संस्थेच्या रक्तपेढीतील हार्वे ऑल्टर या तरुण वैद्यकाची. रक्त चढवल्यानंतर येणाऱ्या प्रतिक्रियांचा अभ्यास हा ऑल्टरचा विषय होता.

प्रयोगाचे साहित्य घरगुती वाटावे असे. समुद्री शैवालापासून काढलेला अगर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात ज्याला ‘चायना ग्रास’ म्हणतात तोच, काचेच्या पट्टीवर ओतून थिजवायचा. त्यात लहान लहान खळगे पाडायचे. मधल्या खळग्यात पहारेकरी रक्तद्रव आणि भोवतीच्या खळग्यांत तपासायचे नमुने घालायचे. दोन्हीकडचे घटक जेलीतून हळूहळू पाझरत एकमेकांकडे सरकतात. ओळख पटली तर मध्ये एक बारीक पांढरी रेषा उमटते, नाही पटली तर काहीच नाही. ही पद्धत स्वीडनच्या ऊख्तरलोनी यांची. तिला यंत्र लागत नाही, पण वाट पाहावी लागते : एक दिवस, दोन दिवस, कधी त्याहून जास्त.

१९६३ साली न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाग्रस्त रुग्णाचे रक्तद्रव मध्यभागी होते आणि भोवतालच्या चोवीस नमुन्यांपैकी एकाशीच त्याची रेषा जुळली. तो नमुना होता ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीचा. रेषाही नेहमीसारखी नव्हती. ब्लमबर्गच्या गटाला आधी सापडलेली प्रथिने मेदयुक्त असत आणि मेदाच्या रंगाने रंगत. ही रेषा तो रंग जेमतेम घेई, प्रथिनाच्या रंगाने मात्र लाल होई. म्हणजे वस्तू वेगळी होती. हिमोग्लोबिनचे प्रकार जसे गावांच्या, प्रदेशांच्या नावाने ओळखले जात, त्या प्रघातानुसार हिला नाव मिळाले ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’.

ज्याच्या रक्तामुळे खंडाचे नाव जगभरच्या अहवालांवर चढले, त्याचे स्वतःचे नाव शोधनिबंधात नाही. ‘एक ऑस्ट्रेलियन आदिवासी’ एवढीच ओळख. त्या काळी मानववंशशास्त्राच्या नावाखाली आदिवासी समाजांचे रक्त गोळा करून परदेशी शीतकपाटांत साठवणे ही सर्वमान्य रीत होती. देणाऱ्याला त्याचे पुढे काय झाले हे कळवण्याची रीत मात्र नव्हती. त्या माणसाला यकृताचा संसर्ग होता. ही बाब त्याला कोणी सांगू शकले नसते, कारण रेषेचा अर्थ तेव्हा शोधणाऱ्यांनाच ठाऊक नव्हता.

त्यांनी तो अर्थ प्रथम चुकीचाच लावला. अमेरिकेतील हजारो निरोगी लोकांत हे प्रथिन क्वचितच सापडे, पण ल्युकेमियाच्या रुग्णांत बऱ्याचदा सापडे. १९६५ साली ऑल्टर आणि सहकाऱ्यांसह ब्लमबर्गने प्रसिद्ध केलेल्या निबंधाचे शीर्षकच ‘ल्युकेमियाच्या रक्तद्रवातील एक “नवे” अँटिजेन’ अशा आशयाचे होते. तर्क असा की हे प्रथिन आनुवंशिक असून ल्युकेमियाची प्रवृत्ती दाखवते. तोवर ब्लमबर्ग फिलाडेल्फियाच्या कर्करोग संशोधन संस्थेत आला होता. डाउन सिंड्रोम असलेल्यांना ल्युकेमियाचा धोका अधिक असतो, म्हणून त्यांचे रक्त तपासले आणि खरोखरच त्यांच्यात हे प्रमाण पुष्कळ निघाले. तर्क सिद्ध झाल्यासारखा वाटला.

पण तपशील कुरबुर करू लागले. मोठमोठ्या निवासी संस्थांत राहणाऱ्यांत प्रमाण फार जास्त, लहान संस्थांत कमी आणि नवजात बालकांत मुळीच नाही. आनुवंशिक गुण खोल्यांची गर्दी पाहून वाढत नाही. मग १९६६ मध्ये डाउन सिंड्रोम असलेला एक रुग्ण, ज्याच्या रक्तात आधी ही रेषा नव्हती, तो दुसऱ्या तपासणीत रेषा घेऊन आला. त्याच्या यकृताची तपासणी केली तेव्हा हिपॅटायटिस आढळला. १९६७ च्या एप्रिलमध्ये ब्लमबर्गच्याच प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञ स्त्रीला थकवा जाणवू लागला. ती रोज हेच नमुने हाताळत असे. आपण काय हाताळतो याची तिला जाणीव होती, म्हणून तिने एके संध्याकाळी स्वतःचेच रक्तद्रव जेलीच्या खळग्यात घातले. सकाळी तिथे फिकट रेषा उमटलेली होती. थोड्याच अवधीत काविळीची लक्षणे स्पष्ट झाली, आणि ती पुढे बरीही झाली. या चाचणीने विषाणुजन्य हिपॅटायटिसचे निदान झालेली ती बहुधा पहिली व्यक्ती. नोबेल स्वीकारताना ब्लमबर्गने तिचा उल्लेख आवर्जून केला.

पुरावा इतर देशांतूनही येत गेला. टोकियोत काझुओ ओकोची यांनी १९६८ साली दाखवले की ज्या रक्तात हे प्रथिन आहे ते चढवले तर रुग्णाला हिपॅटायटिस होण्याचा धोका ते नसलेल्या रक्तापेक्षा पुष्कळ अधिक असतो. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्लड सेंटरमधील आल्फ्रेड प्रिन्स यांना रक्तातून आलेल्या काविळीच्या रुग्णांत, तेही लक्षणे दिसण्यापूर्वी घेतलेल्या नमुन्यांत, एक प्रथिन सापडले आणि ते ‘ऑस्ट्रेलिया’च निघाले. १९७० मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात डेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण विषाणू पाहिला. तेव्हा उलगडा झाला : जेलीत रेषा उमटवणारी वस्तू म्हणजे विषाणूचे बाहेरचे कवच. बाधित यकृत ही रिकामी कवचे गरजेपेक्षा कितीतरी अधिक बनवून रक्तात सोडते. ‘एचबीएसएजी’ मधला ‘एस’ हा ‘सरफेस’ म्हणजे पृष्ठभागाचा. चाचणी सोपी झाली ती विषाणूच्या या उधळपट्टीमुळे.

या कथेचा एक भाग मात्र वाचताना बोचतो. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील विलोब्रुक ही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची सरकारी निवासी शाळा होती. क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक मुले तिथे कोंबलेली होती आणि कावीळ कायमची मुक्कामाला होती. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून सॉल क्रुगमन यांनी तिथल्या मुलांना मुद्दाम हिपॅटायटिसची लागण करून प्रयोग केले. पालकांच्या संमतीने केले, असे ते सांगत. परंतु अन्यत्र जागाच मिळत नसलेल्या पालकांची संमती कितपत मोकळी असते, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे. या प्रयोगांतून १९६७ मध्ये काविळीचे दोन स्वतंत्र प्रकार पुढे आले. जपून ठेवलेल्या त्या मुलांच्या रक्ताची पुढे तपासणी झाली, तेव्हा दुसऱ्या प्रकारात ऑस्ट्रेलिया अँटिजेन सापडले आणि ‘ए’ व ‘बी’ यांची सीमारेषा पक्की झाली. विज्ञानाला खात्री मिळाली. ती खात्री ज्यांच्या रक्तातून आली त्या मुलांना काय मिळाले, याकडे पुढे यावे लागेल.

रक्तपेढ्यांना आता हत्यार मिळाले होते, पण बोथट. जेलीची पद्धत संथ होती आणि रक्तातील अल्प प्रमाण तिला दिसत नसे. १९७० च्या सुमारास जेलीतून विद्युतप्रवाह सोडून दोन्ही घटकांना एकमेकांकडे ढकलण्याची युक्ती आली, तेव्हा दिवसांचे काम तासा-दोन तासांवर आले. खरी झेप त्यापुढची. ब्राँक्समधील युद्धनिवृत्तांच्या रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्शुलिन मोजण्यासाठी किरणोत्सारी आयोडीनची खूण लावलेली पद्धत शोधली होती. १९७० मध्ये तीच ऑस्ट्रेलिया अँटिजेनला लागू करण्यात आली. आता रेषा डोळ्यांना दिसण्याची गरज उरली नाही, यंत्राने किरणोत्सार मोजला की झाले. १९७२ पासून अमेरिकेत दान केलेल्या रक्ताची तपासणी सक्तीची झाली आणि १९७५ मध्ये किरणोत्सारी चाचणीच्या तोडीची संवेदनशीलता बंधनकारक ठरली. त्यानंतर किरणोत्साराची जागा विकराने, म्हणजे एन्झाइमने, घेतली. जी ‘एलायझा’ आज जिल्हा रुग्णालयातही होते, तिचे मूळ १९७१ च्या सुमारास स्टॉकहोम आणि नेदरलँड्समध्ये स्वतंत्रपणे झालेल्या कामात आहे.

येथे श्रेयाची थोडी छाननी हवी. १९६० च्या दशकात ऑल्टर यांच्या संस्थेत हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांहून अधिकांना रक्तामुळे हिपॅटायटिस होत असे. १९७० नंतर हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आले. लोकप्रिय इतिहासात ही सारी घट चाचणीच्या नावे जमा होते, ते बरोबर नाही. तिथे त्याच सुमारास पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांना बंद करून स्वेच्छा रक्तदाते आणण्यात आले होते आणि घटीचा मोठा वाटा त्या बदलाचा होता. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७० सालच्या आपल्या ग्रंथात हेच प्रतिपादन केले होते : रक्त विकत घेतले की गरजू माणूस आपला आजार लपवतो. शिवाय उरलेले १० टक्के ‘ए’ही नव्हते आणि ‘बी’ही नव्हते. त्यांचा माग काढता काढता हिपॅटायटिस सी सापडला आणि ऑल्टर यांना २०२० चे नोबेल मिळाले.

चाचणी करायची तर प्रतिपिंडे हवीत आणि सुरुवातीला ती माणसाच्याच रक्तातून येत. टेड स्लाविन हा अमेरिकन हिमोफिलियाग्रस्त. लहानपणापासून इतके परके रक्त घेतलेला, की हिपॅटायटिस बीविरुद्धची प्रतिपिंडे त्याच्या रक्तात विपुल होती. हे त्याच्या डॉक्टरने त्याला सांगितले, आणि सगळा फरक तिथे पडला. स्लाविनने औषध कंपन्यांना आपले रक्तद्रव मिलिलीटरच्या भावाने विकले. ब्लमबर्गला मात्र संशोधनासाठी हवे तेवढे फुकट दिले. ऑस्ट्रेलियातल्या त्या निनावी माणसाशेजारी स्लाविनला उभे केले की दिसते : दोघांचे रक्त सारख्याच मोलाचे होते, पण ते मोल एकालाच ठाऊक होते.

लशीचा अध्याय मोठा आहे, तो येथे थोडक्यात. वाहकांच्या रक्तातील तीच रिकामी कवचे शुद्ध करून लस बनवावी ही कल्पना ब्लमबर्ग आणि अर्विंग मिलमन यांनी १९६९ मध्ये मांडली, मॉरिस हिलमन यांनी ती सिद्धीस नेली आणि १९८१ मध्ये तिला परवाना मिळाला. ब्लमबर्गला त्याआधीच, १९७६ साली, नोबेल मिळालेले होते.

आता विलोब्रुककडे. १९७० च्या दशकात तिथल्या भयंकर परिस्थितीविरुद्ध पालक न्यायालयात गेले. मुलांना बाहेर काढून साध्या शाळांत पाठवण्याचे ठरले. पण त्यांचे रक्त तपासलेले होते. त्यांतील काही मुले हिपॅटायटिस बीची वाहक निघाली, आणि दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळाने या मुलांना इतरांपासून वेगळे बसवण्याचा घाट घातला. शहरात वाहक असलेली इतर मुले नव्हती असे नव्हे, त्यांचे रक्त कोणी तपासलेच नव्हते. ज्या संस्थेत सरकारने ठेवले तिथे आजार जडला, त्याच मुलांच्या रक्तातून विज्ञानाने ज्ञान मिळवले आणि त्या ज्ञानातून घडलेली चाचणी त्यांनाच वर्गाबाहेर काढू पाहत होती. १९७९ मध्ये अपील न्यायालयाने हे विभाजन बेकायदा ठरवले. वर्गात प्रसार होण्याचा धोका मंडळाला दाखवून देता आला नव्हता.

भारतातही चाचणीचे हे दोन्ही चेहरे दिसतात. १९९६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर रक्तपेढ्यांची व्यवस्था सुधारण्याचे आदेश दिले आणि त्यानुसार १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा बंद झाली. टिटमसचा ग्रंथ निघाल्यानंतर २८ वर्षांनी. आज दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गरमी आणि मलेरिया यांसाठी तपासणी बंधनकारक आहे. दुसरीकडे, एचआयव्हीसह जगणाऱ्यांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा २०१७ साली आला, पण त्याची व्याप्ती एचआयव्ही आणि एड्सपुरतीच राहिली. हिपॅटायटिस बीच्या वाहकासाठी तसे कवच नाही. हा विषाणू हस्तांदोलनाने, एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने पसरत नाही. तो रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळाकडे जातो. तरीही ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दाने नोकरी आणि लग्न यांची गणिते बदलतात.

आणि ऑस्ट्रेलिया? ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ हे नाव वैज्ञानिक परिभाषेतून केव्हाच मागे पडले, मात्र भारतीय लॅबच्या छापील कागदावर टिकून राहिले. खुद्द त्या देशातील आदिवासींमध्ये हा संसर्ग राष्ट्रीय सरासरीहून आजही बराच अधिक आहे आणि नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासींमध्ये आढळणारा विषाणूचा ‘सी४’ हा उपप्रकार त्यांच्यापुरताच असल्याचे अलीकडच्या संशोधनातून दिसले आहे. डार्विन येथील मेन्झीस आरोग्य संशोधन संस्थेने रुग्णांशी बोलून पाहिले तेव्हा लक्षात आले की वर्षानुवर्षे रक्त देणाऱ्या अनेकांना आपल्याला नेमके काय झाले आहे हे त्यांच्या भाषेत कोणी सांगितलेलेच नाही. २०१४ मध्ये संस्थेने स्थानिक लोकांसह एक मोबाइल अ‍ॅप तयार केले. यकृत म्हणजे काय, विषाणू कुठे राहतो, रक्त कशासाठी काढतात, हे सारे त्यात चित्रांनी आणि आवाजाने योल्ङू माथा भाषेत सांगितले आहे. पुढे ते इतर आदिवासी भाषांतही आले.